चाळीसगाव : केकी मूस यांचं घर आणि स्टुडिओ (कला दालन), पाहिलेल्यांनी लिहा

गिरणाकाठ

खानदेशात चित्रकार-छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी पंजाब मेलची गोष्ट सांगतो. मूस मुंबई सोडत असताना प्रेयसीने त्यांना वचन दिलं, एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवेन. मग मूस रोज रात्री गाडीच्या वेळेला दारं उघडून, दोघांचं जेवण तयार ठेवून वाट बघत बसायचे. ती आलीच नाही. गोष्ट ऐकून माणूस हळहळतो आणि तिथेच थांबतो. पुढे या माणसाने काय केलं हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून हा धागा. चाळीसगावचं कला दालन नुकतंच नीट वेळ काढून पाहिलं आणि माझं ठाम मत झालं आहे की ते घर गोष्टीसाठी नव्हे, कामासाठी पाहायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कैखुश्रू माणेकजी मूस, जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईतलं पारशी कुटुंब. कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावात, म्हणून या गावाशी नातं. इंग्लंडात कलेचं शिक्षण घेतलं, बाहेरचे देश पाहिले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले. त्यानंतर ३१ डिसेंबर १९८९ला जाईपर्यंत मुक्काम याच घरात. घराबाहेर पडणं फारच क्वचित. गावातले लोक त्यांना बाबूजी म्हणत. रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हा बंगला आहे. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'रेम्ब्राँज रिट्रीट'. आता तिथे त्यांच्या नावाचं कला दालन आहे.

आत चित्रं आहेत, लाकडातलं काम आहे, कागदाच्या घड्यांचं आणि कात्रणांचं काम आहे, जमवलेल्या जुन्या वस्तू आहेत, पुस्तकं आहेत. पण मला खिळवून ठेवलं टेबलटॉप छायाचित्रांनी. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून एखादं अख्खं दृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला ते खरंच वाटावं. उजाड माळ, बर्फाळ वाट, संध्याकाळचा उजेड, सगळं घरातल्या घरात. या प्रकारात त्यांना आंतरराष्ट्रीय पातळीवर कितीतरी पदकं मिळाली आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात बसून एक माणूस टेबलावर हिवाळा तयार करतो, हे मला वाट पाहण्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

माझी सूचना आहे की आत गेल्यावर आधी छायाचित्रांपुढे उभं राहा. माहिती सांगणाऱ्यांना नम्रपणे म्हणा, गोष्ट शेवटी ऐकतो. एकेका फोटोत उजेड कुठून येतोय ते शोधा. सावल्या कुठे पडल्यात ते बघा. घाई केली तर सगळे फोटो सारखेच जुने आणि काळेपांढरे दिसतात आणि माणूस पंधरा मिनिटांत बाहेर येतो.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. ज्यांना फोटोग्राफीतलं कळतं त्यांनी तर नक्की लिहा. मला जे दिसलं त्यामागचं तंत्र समजून घ्यायचंय.

---

बठ्ठा_खानदेश

भाऊ, मी चाळीसगावनाच शे. तुम्हनं लिखाण वाचीसन भलतं बरं वाटनं.

आता सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो. आमच्या घरी आजोबा बाबूजींबद्दल बोलायचे ते फार आदराने. गावात राहून गावात न दिसणारा माणूस म्हणजे काय, हे आम्हाला लहानपणी कळायचं नाही. आम्ही त्या बंगल्यावरून रोज जायचो. शाळेची सहल अजिंठ्याला जायची, वेरूळला जायची, पण स्टेशनजवळच्या या घरात आम्हाला कोणी नेलं नाही. मी पहिल्यांदा आत गेलो तो नोकरीला लागल्यावर, पुण्याहून आलेल्या मित्राला दाखवायला. तो मित्र मला विचारत होता आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. गावातल्या पोरांना हे घर शाळेतच दाखवलं पाहिजे, असं तेव्हापासून वाटतंय.

जायचं असेल त्यांनी आधी फोन करून उघडं आहे का विचारून निघा, विशेषतः लांबून येणार असाल तर. सुट्ट्यांचं आणि दुपारच्या वेळेचं गृहीत धरू नका.

---

काळापांढरा

@गिरणाकाठ, तंत्राबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी डिजिटल नव्हे, फिल्मवर फोटो काढतो आणि टेबलटॉपचे थोडेफार प्रयोग केले आहेत. मूस यांनी नेमकं एकेक चित्र कसं केलं त्याबद्दल मी बोलत नाही. हा प्रकार मुळात कसा चालतो आणि तो इतका अवघड का, ते सांगतो.

पहिली अडचण फोकसची. कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ नेऊ तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. खरा डोंगर आणि त्यापुढचं झाड दोन्ही स्पष्ट येतात कारण दोन्ही लांब आहेत. टेबलावर मात्र पुढचं झाड आणि मागचा 'डोंगर' यांत हातभर अंतर असलं तरी दोन्हीपैकी एक धूसर होतो, आणि तो धूसरपणाच बघणाऱ्याला सांगतो की हे खेळण्यातलं आहे. उपाय म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं, एफ २२, एफ ३२ (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक). पण मग उजेड फारच कमी आत येतो. त्या काळच्या फिल्म मंद. म्हणजे एक्स्पोजर, फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ, कित्येक सेकंदांचं, कधी मिनिटांचं. शिवाय एक्स्पोजर असं लांबलं की फिल्मची संवेदनशीलता आणखी घटते, म्हणजे हिशेबाने आलेल्या वेळेपेक्षाही जास्त वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात टेबल हललं, वाऱ्याची झुळूक आली, कापूस सरकला की फिल्म किंवा काचेची प्लेट वाया. आणि वाया गेली हे कळणार डेव्हलप केल्यावर.

दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्य एकच असतो. दोन दिवे लावले की प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून मुख्य दिवा एकच, आणि सावलीतला काळोख थोडा उजळायला पांढरा कागद किंवा आरसा. संध्याकाळ हवी तर दिवा खाली आणायचा, सावल्या लांबवायच्या.

तिसरी गोष्ट कणांची, आणि नवशिके नेमके इथेच अडकतात. बर्फासाठी मीठ वापरलं तर मिठाचा दाणा छोट्या माणसाच्या डोक्याएवढा दिसता कामा नये. तिथे बारीक पीठ किंवा पावडर लागते. वाळू चाळून घ्यावी लागते. झाडासाठी अशी वाळकी काडी शोधावी लागते जिच्या फांद्या फुटण्याची पद्धत मोठ्या झाडासारखी आहे. ही नजर विकत मिळत नाही. शेतातून जाताना तुरीच्या काडीत झाड दिसावं लागतं.

आणि कॅमेऱ्याची उंची. तो त्या छोट्या दृश्यातल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. वरून घेतला की टेबल दिसतं, खाली नेला की जग दिसतं.

लांबचं फिकट दिसावं म्हणून मधे झिरझिरीत कापड धरणं, मागच्या पडद्यावर थोडा जास्त उजेड सोडणं, हेही चालतं. आता हे सगळं एका माणसाने, एका घरात, वर्षानुवर्षं, बाहेरून कोणी सांगायला नसताना करायचं. गिरणाकाठ म्हणतात तसं, फोटोपुढे उभं राहून आधी दिवा कुठे असेल ते शोधावं. मी असंच बघतो आणि एका फोटोपाशी बराच वेळ जातो.

---

तापीकाठची_मीनल

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण गिरणाकाठदादा, एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही.

पंजाब मेलची गोष्ट बाजूला ठेवा म्हणणं मला पटत नाही. माझी आई चित्रकला शिकलेली नाही. तिला एफ बावीस वगैरे काही माहीत नाही. ती त्या घरात गेली ती गोष्ट ऐकून, आणि आत गेल्यावर छायाचित्रांपुढे उभी राहिली. एका फोटोपुढे ती म्हणाली, "ह्या वाटेवर कोणीच येत नाहीये." तिने ते फोटोतच पाहिलं. गोष्ट ठाऊक नसती तर कदाचित तिने नुसती वाट पाहिली असती, तिचं ओसाडपण पाहिलं नसतं.

गोष्ट खरी किती, वाढवलेली किती, यात मला पडायचं नाही. पण ज्या माणसाने आयुष्य एका घरात काढलं, त्याच्या घराचं दार आणि त्याच्या टेबलावरच्या रिकाम्या वाटा यांचा संबंध लोकांना जाणवतो, आणि मला तो खोटा वाटत नाही. तुम्ही म्हणता गोष्ट शेवटी ऐका. मी म्हणते गोष्ट ऐकूनच आत जा, पण तिच्यावर थांबू नका.

---

गिरणाकाठ

मीनलताई, तुमच्या आईंचं वाक्य फार मोलाचं आहे. तसं पाहता येत असेल तर गोष्ट आधी ऐकायला माझी हरकत नाही.

माझा राग आहे तो वर्तमानपत्रांतल्या आणि व्हिडिओंतल्या मांडणीवर. दहा मिनिटांच्या व्हिडिओत नऊ मिनिटं प्रेमकहाणी आणि एका मिनिटात सगळी छायाचित्रं भराभर सरकवलेली. एकही फोटो पाच सेकंद थांबत नाही. लोकांच्या मनात त्यांची प्रतिमा विरही माणसाची झाली आहे. पण इतकं काम विरहाच्या भरात होत नसतं. त्याला रोजची शिस्त लागते, हात बसावा लागतो, वाया गेलेल्या प्लेटी पचवाव्या लागतात. काळापांढरा यांनी लिहिलंय ते वाचल्यावर तर मला हे आणखीच जाणवलं.

---

रुळावरचा

विषयाला जोडून एक. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे पंजाब मेल पहिल्यांदा धावली ती १ जून १९१२ला, मुंबईतल्या तेव्हाच्या बॅलार्ड पिअरवरून थेट पेशावरपर्यंत. म्हणजे गाडी आणि केकी मूस एकाच वर्षीचे. फाळणीनंतर ती फिरोजपूरपर्यंत उरली. मनमाड-चाळीसगाव-जळगाव-भुसावळ या मार्गाने अजूनही धावते.

धुळेकरांना चाळीसगाव गाठायला वेगळी शाखा आहे, १९००पासूनची.

---

धुळ्याची_लेक

मी सध्या नेदरलँड्समध्ये राहते, माहेर धुळ्याचं. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. बंगल्याच्या नावात रेम्ब्राँ, सतराव्या शतकातला डच चित्रकार, आहे आणि मी रेम्ब्राँचं घर पाहिलंय, ॲमस्टरडॅमचं. दोन्ही घरं पाहिलेली असल्यामुळे मला जी तुलना सुचली ती इथे मांडते.

रेम्ब्राँने ते घर १६३९ साली घेतलं, तेरा हजार गिल्डरला (तेव्हाचं डच चलन), आणि ते कर्ज त्याला कधी पेललं नाही. १६५६मध्ये त्याचं दिवाळं निघालं. तेव्हा सरकारी माणसांनी खोली-खोलीत फिरून घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी केली : चित्रं, शंख-शिंपले, पुतळ्यांचे साचे, शस्त्रं, रेखाटनांचे गठ्ठे. सगळं विकलं गेलं, १६५८ साली घरही लिलावात गेलं. तो गरीब वस्तीतल्या भाड्याच्या घरात गेला आणि १६६९मध्ये वारला. त्या घराचं संग्रहालय झालं १९११ साली. पुढे आतली मांडणी केली ती दिवाळखोरीच्या त्या यादीवरून. म्हणजे आज आपण तिथे जे फर्निचर, ज्या वस्तू बघतो त्या त्याच काळातल्या किंवा त्या धर्तीच्या, पण बहुतेक त्याच्या नव्हेत.

वरच्या मजल्यावर त्याचा मोठा स्टुडिओ आहे. खिडक्या उत्तरेच्या. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, थेट ऊन आत येत नाही, म्हणून चित्रकार तो पसंत करतात. शेजारी वस्तुसंग्रहाची खोली आहे. चित्रात पगडी हवी, शिरस्त्राण हवं, शंख हवा की तिथून काढायचा. हे पाहताना मला चाळीसगाव आठवलं. मूस यांनी जमवलेल्या वस्तू लोक छंद म्हणून बघतात. पण ज्याला घराबाहेर पडायचं नाही आणि टेबलावर जग मांडायचंय, त्याला असा साठा कामासाठीच लागत असणार. मला तरी तो संग्रह आणि ती छायाचित्रं वेगळी काढता येत नाहीत.

आणि मोठा फरक हा. ॲमस्टरडॅमचं घर रिकामं झालं होतं, तीनशेहून जास्त वर्षांनी ते यादी बघून भरावं लागलं. चाळीसगावचा माणूस अखेरपर्यंत त्याच घरात राहिला आणि त्याच्या वस्तू तिथेच राहिल्या. युरोपात असं घर सापडलं तर लोक दूरदूरहून येतात, तिकिटं आधी काढावी लागतात. आपल्याकडे स्टेशनजवळ आहे आणि गाडीतले लोक पुढे जळगावला निघून जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

---

बठ्ठा_खानदेश

ताई, यादीचं वाचून अंगावर काटा आला. दिवाळखोरीच्या कागदामुळे घर पुन्हा उभं करता आलं!

आपल्याकडेही खोलीनिहाय तपशीलवार यादी आणि प्रत्येक वस्तूचा फोटो हवा. कुठे काय ठेवलेलं होतं हे पुढच्या पिढीला कळायला दुसरा मार्ग नाही.

---

जिलेटिन

मी जुन्या छायाचित्रांच्या जतनाचं काम करते. दालनातल्या कोणत्याही व्यवस्थेवर हे भाष्य नाही. खानदेशात ज्यांच्याकडे जुने प्रिंट आणि निगेटिव्ह आहेत त्या सगळ्यांसाठी लिहिते, कारण धागा वाचणाऱ्या कित्येकांच्या घरी ट्रंकेत असे गठ्ठे असतील.

काळापांढरा प्रिंट म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे कण. जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे उन्हाळा भट्टीसारखा कोरडा आणि लगेच पावसाळा दमट. कोरड्या हवेत थर आक्रसतो, दमट हवेत फुगतो, दरवर्षी हेच. त्यामुळे प्रिंट वळतात, थराला चिरा जातात. पावसाळ्यात बुरशी धरते, ती जिलेटिन खाते. एकदा खाल्लेला भाग परत आणता येत नाही.

ॲसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. आणि स्कॅन करायचं तर त्याचंच आधी करा. काचेच्या प्लेटी आडव्या रचू नका, वजनाने खालची तडकते. उभ्या ठेवा, प्रत्येकीला कागदाचं वेगळं पाकीट. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्या टाळा, आत ओल कोंडते. गच्चीलगतची खोली आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. घराच्या मधल्या खोलीत तापमान कमी हेलकावतं.

दालन बघायला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फोटो काढायची परवानगी असली तरी फ्लॅश मारू नका, आणि फ्रेमच्या काचेला बोट लावून "हे बघ" असं दाखवू नका.

---

तापीकाठची_मीनल

जिलेटिनताई, आमच्याकडे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधले आजोबांचे निगेटिव्ह आहेत, पत्र्याच्या डब्यात. डबा उघडला की आंबट वास येतो, आम्हाला वाटायचं डब्यालाच येतो. आज लगेच वेगळे काढते. घरच्या साध्या स्कॅनरवर करून चालेल का?

---

जिलेटिन

प्रिंटसाठी साधा स्कॅनर चालतो, निगेटिव्हसाठी मागून उजेड देणारा लागतो. तोपर्यंत एक करता येईल. मोबाइलवर कोरी पांढरी स्क्रीन पूर्ण उजेडात ठेवा, निगेटिव्ह तिच्यापासून दोन-तीन बोटं वर धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने फोटो घ्या. उत्तम येणार नाही, पण फिल्म पूर्ण बिघडण्याआधी त्यात काय आहे ते तरी राहील. कडांनाच धरा, मधे बोट लावू नका.

---

भरीत_भाकरी

आम्ही नाशिकहून एका दिवसासाठी जायचा विचार करतोय, सोबत दोन मुलं आणि सासूबाई. कला दालनाबरोबर आणखी काय होईल?

---

बठ्ठा_खानदेश

पाटणादेवी करा. गावापासून साधारण अठरा-वीस किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. देवीचं दर्शन होईल, मुलांना जंगल मिळेल. इथल्या पाटणच्या शिलालेखाबद्दल मुलांना जरूर सांगा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला होता, त्याचा तो लेख, इसवी सन १२०७च्या सुमाराचा. पितळखोऱ्याची लेणी याच डोंगरात आहेत, पण सासूबाई सोबत आहेत तर पायऱ्यांचा विचार करून ठरवा.

क्रम असा ठेवा : सकाळी पाटणादेवी, ऊन चढायच्या आत परत, जेवण, मग कला दालन. जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका. दालनाला किमान दोन तास ठेवा. लहान मुलांना घेऊन पाटणादेवीनंतर आलात तर ती दमलेली असतील, तर त्यांना आधी थोडं झोपू द्या.

---

खडू_फळा

मी पाचोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वरच्या "आम्हाला कोणी नेलं नाही" या वाक्याने मला हलवलं. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना कला दालनात नेलं होतं, त्याबद्दल लिहितो, कोणा शिक्षकाला उपयोग होईल.

जाण्याआधी वर्गात टेबलटॉप करून घेतलं. सामान शेतातलंच : चाळलेली माती, वाळक्या काड्या, कापूस, ज्वारीच्या ताटाच्या चिपाडाची बैलगाडी. खिडक्या बंद करून एकच टॉर्च. माझ्या मोबाइलवर फोटो. पहिले फोटो पाहून मुलं नाराज झाली, सगळं टेबलावरचंच वाटत होतं. मग एका मुलीने मोबाइल टेबलाला टेकवून धरला आणि बैलगाडी एकदम खरी झाली. कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल काळापांढरा यांनी जे लिहिलंय ते तिने स्वतःचं स्वतः शोधलं. तो तास संपला तरी कोणी उठेना.

त्यामुळे दालनात गेल्यावर मला काही समजवावं लागलं नाही. मुलंच एकमेकांना विचारत होती, "ह्याची टॉर्च कुठून मारली असेल?" एका फोटोपुढे दोन गट पडले, डावीकडून की मागून, आणि सावली बोटाने हवेत गिरवून वाद घातला (काचेला हात लावला नाही, जिलेटिनताई). पंजाब मेलची गोष्ट त्यांनी परतीच्या गाडीत ऐकली. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, पण ते वाट बघताना काम करत होते ना?" मी हो म्हणालो.

---

काळापांढरा

खडू_फळा सर, तुमची परवानगी असेल तर मी एक शनिवार तुमच्या शाळेत येतो. माझ्याकडे जुना फील्ड कॅमेरा आहे, ज्यात मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. मुलांना काळ्या कापडाखाली डोकं घालून ती बैलगाडी बघू द्या. चार-पाच फिल्म त्यांच्या हातून काढू, डेव्हलपिंगला अंधारी खोली लागेल, खिडक्यांना जाड गोणपाट लावून होईल. पाण्याची सोय आणि एक बादली बर्फ हवा, आपल्याकडच्या उन्हात रसायनं फार लवकर तापतात.

---

खडू_फळा

नक्की या, सर. दिवाळीची सुट्टी संपली की पहिला शनिवार ठेवू. बर्फ पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने आणता येईल, गोणपाट गावात मिळेल. मुख्याध्यापकांशी उद्या बोलून तुम्हाला व्यक्तिगत संदेशात कळवतो.

---

गिरणाकाठ

मीही येतो. आणि मीनलताई, तुमच्या आईंना जमलं तर त्यांनाही घेऊन या. मुलांनी काढलेल्या फोटोंपुढे त्या काय म्हणतात ते ऐकायचंय.